पुन्हा शस्त्र घ्यावें काय?

वैद्यकांतील निबंध वाङ्मयाच्या मासिकानें परीक्षणास कां घ्यावेत, अशी शंका वाचकांस येईल. परंतु ज्या निबंधाच्या निष्कर्षावर जळगांव-धुळ्याकडील एखाद्या कुटुंबाचें शेत गहाण पडूं शकतें, त्याचें परीक्षण केवळ वैद्यांवर सोपवून भागणार नाहीं.

अंडाशयाचा कर्करोग पहिली शस्त्रक्रिया व औषधें होऊनही पुष्कळदां परततो; कधीं तो सबंध पोटांत पसरतो, कधीं मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथींतच डोकें वर काढतो. अशा वेळीं पुन्हा पोट उघडावें काय? ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या एकाच नियतकालिकानें याचीं दोन उत्तरें छापलीं. २०१९ च्या, अमेरिकन पुढाकाराच्या निबंधांत ४८५ स्त्रिया होत्या. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं निम्म्या ५०.६ महिने जगल्या; केवळ औषध घेतलेल्यांत तोच काळ ६४.७ महिने भरला. २०२१ च्या जर्मन निबंधांत ४०७ स्त्रिया, आणि पारडें उलट: ५३.७ विरुद्ध ४६.

हा विरोध वाटतो तितका खरा नाहीं. जर्मनांनीं निवड कडक ठेविली. प्रकृति धड, पोटांत पाणी अर्ध्या लिटरहून अधिक नाहीं, पहिल्या शस्त्रक्रियेंत दिसणारा रोग समूळ निघालेला आणि औषध संपून सहा महिने उलटलेले, अशाच स्त्रिया त्यांनीं घेतल्या. त्यांतही दुसऱ्या वेळीं दिसणारें कांहींच उरलें नाहीं तेथें ६१.९ महिने, उरलें तेथें अवघे २८.८. ज्यांच्यांत उरलें त्यांचा रोगच मुळांत बिकट असेल, हें आम्हीं नाकारीत नाहीं. तरीहि अर्धवट शस्त्रक्रियेची भलावण कोणीं करूं नये.

लसिकाग्रंथींपुरत्या परतलेल्या रोगावरील बहुतेक अहवाल लहान व आशादायक आहेत. आमचा आक्षेप त्यांच्या रचनेवर आहे: शल्यविशारदानें निवडलेल्या स्त्रियाच त्यांत दिसतात, न निवडलेल्या कोठें गेल्या तें कळत नाहीं. पहिल्याच शस्त्रक्रियेंत निरोगी दिसणाऱ्या ग्रंथी काढून काय साधतें, हें मात्र २०१९ मध्यें ६४७ स्त्रियांत नीट पाहिलें गेलें. आयुष्य वाढलें नाहीं. साठ दिवसांतील मृत्यु मात्र शेंकडा ०.९ वरून ३.१ वर गेले.

धुळ्याची गाडी चाळीसगांवीं मुख्य मार्गास मिळते, जळगांव त्याच मार्गावर. दोहोंकडून परळच्या, १९४१ सालीं उघडलेल्या टाटा रुग्णालयाकडे जातां येतें. पिशवींत नव्या तपासण्यांचीं चित्रें असतातच. परंतु वरील निवडींतील एक अट पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदावरूनच ठरते: त्या वेळीं पोटांत कांहीं उरलें होतें कीं नाहीं? तो कागद घरींच राहिला, तर मुंबईच्या वैद्यालाहि अंदाजानेंच बोलावें लागेल.