दरसूचीत न बसणारं छत

कोपरगावच्या श्री शारदा इंग्लिश मीडियम स्कूलच्या आवारात 2018 साली माया सोमय्या ग्रंथालय उभं राहिलं. शाळेच्या जुन्या इमारती आणि कुंपण यांच्यामधली चिंचोळी पट्टी त्यासाठी निवडली होती. काम मुंबईचे आर्किटेक्ट समीप पाडोरा यांच्या 'एसपी प्लस ए' या कार्यालयाचं. पातळ विटांचे तीन थर एकावर एक बसवून केलेलं छत जमिनीतूनच वर उठतं, मधे पुरेशी उंची घेतं आणि पुन्हा जमिनीला टेकतं. मुलं त्यावर चढून पलीकडे उतरू शकतात. आत जिथे छत खाली येतं तिथे मोठ्या माणसाला वाकावं लागतं, आणि लहान मुलाला मात्र मांडी घालून बसायला कोपरा मिळतो. उंची मुलाच्या मापाने ठरवलेली शालेय इमारत आपल्याकडे दुर्मीळ आहे. एरवी बुटकी बाकं आणून टाकली की इमारत मुलांची झाली, असं आपण धरून चालतो.

पातळ विटांच्या छताचं हे तंत्र मूळ स्पेनमधल्या कातालोनियातलं. गुआस्ताविनो या बांधकामकाराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते अमेरिकेत नेलं. पुढे उरुग्वेत एलादिओ दिएस्ते या अभियंत्याने विटेला लोखंडाची जोड देऊन गोदामं, बाजार आणि चर्च यांच्यावर लाटांसारखी छतं बांधली. पाडोरांनी या परंपरेचा अभ्यास केला, आणि छताचा आकार झुरिकच्या संशोधकांनी तयार केलेल्या संगणकप्रणालीवर शोधला. आकार नीट बसला की छतात सगळीकडे दाबच राहतो, ताण राहत नाही, त्यामुळे लोखंड फारच कमी लागतं. डोळ्याला सुखावणारी ती वळणं अशी हिशोबातून आलेली आहेत. या इमारतीचं मोठेपण मला तिथेच वाटतं. तिची छायाचित्रं जगभर छापून आली, त्यात ते फारसं उतरलेलं नाही.

आता पुढचा प्रश्न. महाराष्ट्रात शासनाच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळाच 60 हजारांहून अधिक आहेत. कोपरगावच्या छतातलं काय त्यांच्यापैकी एखाद्या शाळेत गेलं? माझ्या मते, काहीही नाही. शालेय वास्तुकलेची आजची अवस्था सांगायची तर या उत्तरापासूनच सुरुवात करायला हवी.

जिल्हा परिषदेची शाळाखोली कशी जन्माला येते ते पाहा. मंजुरी येते, शाखा अभियंता ठरलेल्या नकाशावर अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता मिळते, निविदा निघते, सर्वांत कमी दराचा ठेकेदार काम घेतो. या साखळीत आर्किटेक्ट कुठेच नसतो. सार्वजनिक बांधकाम विभागात मुख्य वास्तुशास्त्रज्ञांचं कार्यालय आहे, पण ते मोठ्या इमारतींसाठी. दोन खोल्यांच्या शाळेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. अंदाजपत्रक बनतं ते दरसूचीवर. काँक्रीट घनमीटरवर, लोखंड वजनावर, गिलावा चौरस मीटरवर. स्लॅबची नोंद मोजमाप पुस्तिकेत दोन ओळींत होते आणि बिल निघतं. तीन थरांच्या विटांच्या कमानदार छताला दरसूचीत ओळच नाही. ते कसं मोजायचं, दर कुठून आणायचा, उद्या लेखापरीक्षकाने आक्षेप काढला तर उत्तर काय द्यायचं? नव्या बाबीसाठी दर पृथक्करण करून वरून मंजुरी घेता येते, नियमात तशी सोय आहे. पण दोन खोल्यांसाठी ती उठाठेव कोणता अभियंता करेल, आणि त्याने का करावी? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात जो कागद दिला आहे त्यावर स्लॅबशिवाय दुसरं काही लिहिताच येत नाही.

मग स्लॅब पडतो. विदर्भ-मराठवाड्यात मार्च उलटला की हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दुपारी खाली मुलांच्या डोक्यावर सोडतो. त्यावर आपण काढलेला उपाय म्हणजे सकाळची शाळा. इमारतीचं अपयश वेळापत्रकाने झाकायचं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ते अपयश आहे हेही कुणाला आठवत नाही. लोकल बोर्डाच्या काळातल्या जाड भिंतींच्या, कौलारू, पुढे पडवी असलेल्या मराठी शाळा आता धोकादायक ठरून निर्लेखनाच्या यादीत जातात. त्यांच्या जागी येणाऱ्या खोल्या मजबूत असतात हे खरं. पण त्या जास्त तापतात हेही तितकंच खरं.

हे बदलण्याचा एक गंभीर प्रयत्न होऊन गेला आहे. 1994 पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे जिल्हे होते. शाळेचा नकाशा स्थानिक साहित्य आणि हवामान पाहून नव्याने काढावा, हा विचार त्या कार्यक्रमाने सरकारी बांधकामात आणला. त्याच सुमारास दिल्लीच्या 'विन्यास' या संस्थेत कबीर वाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारतच शिकण्याचं साधन व्हावी अशी मांडणी सुरू केली. ती 'बाला' या नावाने, युनिसेफच्या पाठबळावर देशभर गेली. दाराच्या उघडझापीखाली फरशीवर कोनांच्या खुणा, बोट फिरवून अक्षराचं वळण शिकावं अशी खिडकीची जाळी, पायऱ्यांवर अंक. कल्पना साध्या, स्वस्त, आणि सांगितल्या तर गावच्या गवंड्यालाही जमतील अशा.

महाराष्ट्रात तिचं काय झालं? बोलक्या भिंती झाल्या. कोनाच्या खुणा आणि खिडकीच्या जाळ्या मागे पडल्या, ऑइलपेंट तेवढा पुढे आला. पाढे, फळं, थोर पुरुष आणि रेल्वेच्या डब्यासारखी रंगवलेली वर्गखोली. रंगाला दर आहे, रंगाचं चौरस मीटरमध्ये मोजमाप होतं, रंगाचा फोटो अहवालाला जोडता येतो. व्यवस्थेने कल्पनेतला नेमका तेवढाच भाग उचलला जो तिच्या वहीत मावत होता. बालाला पाडणारे तिचे विरोधक नव्हते. तिचं कौतुक करणाऱ्यांनीच तिला रंगाच्या डब्यापर्यंत आणून सोडलं.

या पार्श्वभूमीवर खाजगी आणि धर्मादाय पैशाने उभं राहिलेलं चांगलं काम पाहिलं की आनंद होतो आणि खटकतंही. पुण्याजवळ लवळ्याच्या दरीत 'केस डिझाइन' या वास्तुकला कार्यालयाने मुलींसाठी बांधलेली 'अवसरा' ही निवासी शाळा घ्या. काँक्रीटचा सांगाडा अगदी साधा, कुठल्याही ठेकेदाराला जमेल असा. पुढे बांबूचे पडदे, आणि जमिनीखालून नळातून आणलेली गार हवा वर्गात येऊन तापली की चिमणीवाटे वर निघून जाते. यंत्र नाही, वीज नाही. कोपरगावच्या छतापेक्षा हे काम कमी नाट्यमय आहे, म्हणून त्याबद्दल कमी बोललं जातं. मला मात्र सार्वजनिक दृष्टीने ते जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यातला बराच भाग आजच्या दरसूचीतही बसू शकतो. काँक्रीटचा सांगाडा तर बसलेलाच आहे.

पाडोरांच्याच कार्यालयाचं साकरवाडीचं 'जेतवन' 2016 चं: बौद्ध अध्ययनाचं आणि कौशल्य शिकवण्याचं केंद्र, साखर कारखान्याच्या परिसरात, झाडं न तोडता त्यांच्यामधून वाट काढत बसवलेलं. तिथल्या भिंती दगडाच्या खाणीतून निघणारी भुकटी आणि राखेचं मिश्रण वापरून केल्या आहेत. त्यासाठी कच्छमधल्या 'हुन्नरशाला' या संस्थेची मदत घेतली होती. ही भिंत मला ग्रंथालयाच्या छताहून जास्त महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात खडीक्रशर नसलेला तालुका शोधावा लागेल, आणि तिथे अशी भुकटी साठलेली असते. कमान मात्र कुठेही उचलून ठेवता येत नाही. तिला कसबी हात लागतात, आकार अचूक लागतो, आणि काळ्या मातीत तर फुगणाऱ्या-आकसणाऱ्या पायावर बाहेर ढकलणारं वजन सांभाळावं लागतं. वीस वर्षांनी ती गळू लागली तर दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न कौतुकाच्या लेखांतून कुणी विचारलेला दिसत नाही.

शाळेबाहेरच्या सार्वजनिक बांधकामातही डोळ्यांत भरणारं आणि साधं अशी हीच दोन टोकं आहेत. 2008 साली मुंबईत वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, पाठोपाठ शहरभर झाले. वांद्रे पूर्वेचा पुढे धोकादायक ठरून बंद झाला आणि पाडलाही गेला. दुसरीकडे ठाण्यात महामार्गालगत आर्किटेक्ट रोहन चव्हाण यांनी 2016 साली स्त्रियांसाठी एक स्वच्छतागृह बांधलं, तिथे आधीपासून असलेल्या झाडाभोवती. मधे मोकळी जागा ठेवली, त्यामुळे आत कोंडल्यासारखं वाटत नाही आणि उजेडही येतो. इतकी साधी गोष्ट. पण स्कायवॉकच्या खर्चात अशी किती झाली असती, हा हिशोब आपल्याकडे कुणी मांडत नाही, कारण स्वच्छतागृहाचं उद्घाटन करायला फारसं कुणी उत्सुक नसतं.

आणि डागडुजीची तर आपल्याला आवडच नाही. पणजीची कला अकादमी चार्ल्स कोरियांनी मांडवीच्या काठावर बांधली, गोव्यातली ही कदाचित सर्वांत लाडकी सार्वजनिक इमारत. तिचं नूतनीकरण चालू असतानाच जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. कोरियांच्या इमारतीची ही गत, तर कोपरगावच्या छताची काय हमी?

चांगली शाळा साध्या गावात कशी उभी राहावी, यावर बुर्किना फासोतल्या गान्दो गावाचं उदाहरण हमखास दिलं जातं. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांनी आपल्याच गावात 2001 साली शाळा बांधली, बर्लिनमध्ये शिकत असताना पैसे जमवून आणि गावकऱ्यांच्या हातांनी. सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटा, वर मातीचंच छत, आणि त्याच्याही वर लोखंडी सांगाड्यावर उचलून धरलेला पत्रा, म्हणजे मधून तापलेली हवा निघून जाते. 2004 मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला, 2022 मध्ये केरेंना प्रित्झकर. आपल्याकडच्या व्याख्यानांत याची चित्रं दाखवतात आणि टाळ्या पडतात. पण त्या कामाचा मला भावणारा भाग चित्रात नाही. त्या बांधकामावर शिकून तयार झालेले तरुण पुढे त्या भागातल्या सरकारी कामांवर घेतले गेले, आणि शेजारच्या गावांनीही त्याच पद्धतीने आपल्या शाळा बांधल्या. म्हणजे तंत्र माणसांच्या हातात राहिलं आणि सरकारी कामापर्यंत गेलं. कोपरगावच्या छतावर काम केलेले गवंडी आज काय बांधतात, हे वास्तुकलेच्या एखाद्या मासिकाने शोधून छापावं.

पुरस्कारांच्या परीक्षकांना करावीशी वाटणारी एक छोटी सूचना आहे. शालेय इमारतीला बक्षीस देताना आर्किटेक्टकडून छायाचित्रांसोबत दर पृथक्करणाचा एक कागद मागवावा: या भिंतीचा, या छताचा प्रति चौरस मीटर दर, किती गवंडी, किती दिवस, किती सिमेंट. असा कागद असला तर जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याला तो निदान वर पाठवता येईल. जेतवनच्या भिंतीपासून सुरुवात करता येईल. भुकटी तर क्रशरवर पडलेलीच आहे.