चित्रतुरगाची शर्यत

मोटारींच्या ज्या शर्यतीत परस्परांपासून शेकडो कोस दूर बसलेले स्पर्धक संगणकाच्या पडद्यासमोर, इंटरनेटच्या साहाय्याने, एकाच वेळी एकाच धावपट्टीवर उतरतात, तिला 'सिम रेसिंग' असे नाव रूढ झाले आहे. तिच्याविषयी सुशिक्षितांत दोन मते आढळतात. एका पक्षास हा निव्वळ पोरखेळ वाटतो. जीत चाक फिरत नाही, इंधन जळत नाही आणि हाड मोडत नाही, तीस शर्यत म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय, असे तो म्हणतो. दुसरा पक्ष उलटपक्षी असे प्रतिपादन करितो की, यंत्रे इतकी सुधारली आहेत की खरी शर्यत आणि ही शर्यत यांत आता भेदच उरला नाही. आमच्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही या खेळाचे मूल्य खऱ्या मोटारीशी असलेल्या त्याच्या साम्यावरून ठरवू पाहतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला आणि २०२५ च्या कायद्याने त्यास पैशाच्या जुगारी खेळांपासून वेगळे काढून मान्यता दिली. तेव्हा या प्रकाराचे मूल्यमापन कोणत्या कसोटीने करावे, याचा विचार टीकाकारानेही आता केला पाहिजे.

अशा स्पर्धेतील एक फेरी कशी पार पडते, हे प्रथम पाहू. स्पर्धकापुढे टेबलास आवळून बसविलेले स्टिअरिंग असते. त्यातील विद्युत्-यंत्र चाकांची पकड सुटू लागताच हातास तसा धक्का देते. चांगल्या प्रतीचे ब्रेकचे पेडल पाऊल किती खाली गेले हे न मोजता पावलाचा दाब मोजते. धावपट्ट्यांची मोजणी पुष्कळदा लेसर किरणांनी केलेली असते, त्यामुळे रस्त्यावरील लहानसा उंचवटाही जागच्या जागी भेटतो. फेरीपूर्वी स्पर्धक तेच वळण शेकडो वेळा घेऊन पाहतो. मग पात्रतेची चाचणी होते, तीवरून आरंभीचे क्रम ठरतात, आणि दिवे विझताच सर्व गाड्या एकदम पहिल्या वळणाकडे झेपावतात. नवशिका बहुधा तेथेच संपतो. जो टिकतो त्यास लवकरच कळून येते की, एखादा अतिवेगवान फेरा मारण्यापेक्षा तीस फेरे सारखेच मारणे फार अवघड आहे. टायर झिजत जातात, इंधन घटत जाते, आणि मागील स्पर्धकाची छाया आरशातून हलत नाही.

येथे आपल्या साहित्यशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण होते. श्रीशंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत आपणास अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'वरून कळते. नटास पाहून 'हा राम' असा जो प्रत्यय प्रेक्षकास येतो, तो खरा नव्हे, खोटा नव्हे, संशयात्मक नव्हे आणि सादृश्यावर आधारलेलाही नव्हे. चित्रातील घोड्यास आपण ज्या भावनेने घोडा म्हणतो, तसा तो निराळाच प्रत्यय होय, असे शंकुकाने मांडले. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. शंकुकाच्या मते रस हा अनुमानाने जाणला जातो. अभिनवगुप्ताच्या गुरूंनी, भट्टतौतांनी, या मताचे खंडन केले आणि पुढे पंडितांनी ते मागे टाकले.

पडद्यावरील शर्यतीत मात्र शंकुकाचे अनुमान अक्षरशः खरे ठरते. समजा, जालन्याचा एक तरुण युरोपातील सर्व्हरवर शर्यत खेळत आहे. वार्ता तेथे जाऊन परत येण्यास सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो असे धरले, तर ताशी २५० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे १० मीटर पुढे जाते. म्हणजे शेजारची गाडी या क्षणी कोठे आहे हे या तरुणाच्या संगणकास ठाऊकच नसते; शेवटी कळलेल्या वेगावरून व दिशेवरून तो तिची जागा अनुमानाने ठरवितो आणि तेथे तिचे चित्र काढतो. स्पर्धक ज्याच्याशी झुंजतो तो चित्रतुरग आहे, आणि तोही अनुमानाने रंगविलेला! कधी अनुमान चुकते. गाडी जागच्या जागी उडी घेते, एकाच्या पडद्यावर टक्कर होते आणि दुसऱ्याच्या पडद्यावर दोघे सुखरूप निघून जातात. अशा दोन सत्यांत न्याय कसा करावा? २००८ साली सुरू झालेल्या 'आयरेसिंग' या प्रसिद्ध व्यवस्थेने यावर एक कठोर तोडगा काढला आहे. धावपट्टी सोडली, तोल गेला किंवा धडक झाली की दोषांक पडतात, आणि धडकेचे दोषांक चूक कोणाची हे न पाहता दोघांच्याही नावे मांडले जातात. प्रथमदर्शनी हा अन्याय वाटतो. परंतु दुसऱ्याच्या चुकीपासूनही स्वतःस सांभाळणे हा चालकाच्या कौशल्याचाच भाग होय, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे.

स्पर्धकाच्या मनाची या वेळी जी अवस्था असते, तिचे वर्णन करण्यास न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना उपयोगी पडते. वाचक कथेतील पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही, असे केळकरांचे म्हणणे होते. स्पर्धकही आपण खुर्चीवर बसलो आहोत हे विसरत नाही. तरीही शेवटच्या फेऱ्यात त्याच्या तळहातास घाम सुटतो. येथवर त्याची स्थिती रसिकासारखी आहे. पुढे मात्र मार्ग फुटतो. रसिकास नाटकाचा शेवट बदलता येत नाही; स्पर्धकाच्या हाती तो असतो, आणि जेथे कर्तृत्व आले तेथे उत्तरदायित्वही आले.

हे उत्तरदायित्व कशाचे, हाच खरा प्रश्न आहे. देहाचे तर ते नव्हेच. मराठवाड्यात आणि विदर्भात शंकरपट पाहणाऱ्यास ठाऊक असते की, तेथे बैलाचे धावणे आणि त्याची वेदना ही दोन्ही खरी असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींस मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात सशर्त मोकळीक दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरविला. हा सारा खल झाला तो या खऱ्या वेदनेसाठी. पडद्यावरील गाडीस वेदना नाही. ती कठड्यावर आदळून चुरा झाली तरी एक कळ दाबताच पुन्हा नवी होते.

परंतु ही कळ जीवनासही लागू आहे असे मानले की कलेचा ऱ्हास होतो. नील ब्लॉमकॅम्प यांचा 'ग्रॅन टुरिस्मो' (२०२३) हा चित्रपट याचे उदाहरण होय. यान मार्डनबरो हा इंग्रज तरुण पडद्यावरील स्पर्धेतून २०११ मध्ये निवडला गेला आणि खरा चालक बनला, ही त्याची सत्यकथा. २०१३ मध्ये ल मान्स येथे त्याच्या चमूने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळविला; २०१५ मध्ये नुरबुर्गरिंग येथे त्याची गाडी हवेत उडून एक प्रेक्षक मृत्यू पावला. चित्रपटाने हा क्रम उलटविला आहे. मृत्यू आधी येतो, नायक खचतो, आणि मग ल मान्सचे यश त्यास सावरते. शर्यतीची दृश्ये वेगवान आहेत, हे मान्य करावयास हवे. पण एका खऱ्या माणसाचे मरण नायकाच्या उत्कर्षाची पायरी म्हणून जागेवरून हलविणे, हे कळ दाबून गाडी नवी करण्यासारखेच झाले. ज्या भेदावर हा खेळ उभा आहे, तोच त्याचे गुणगान करणाऱ्या कलाकृतीने पुसून टाकावा, हे चमत्कारिक होय.

मग देहावाचून पणास लागते ते काय? याचे उत्तर मे २०२० मधील एका प्रकरणात सापडते. महामारीमुळे खऱ्या शर्यती बंद होत्या. फॉर्म्युला ई या स्पर्धेचे चालक घरी बसून पडद्यावर खेळत होते. बर्लिनच्या फेरीत डॅनियल आब्ट या जर्मन चालकाच्या नावाने प्रत्यक्षात एक तरबेज सिम-स्पर्धकच खेळला आणि तिसरा आला. प्रकार उघडकीस येताच आब्ट अपात्र ठरला, त्यास दहा हजार युरो धर्मादाय द्यावे लागले, आणि त्याच्या चमूने त्यास निलंबित केले. ही गंमत होती, असे त्याचे म्हणणे होते. गाडी खोटी, धावपट्टी खोटी, धोका खोटा. मग शिक्षा मात्र खरी का? कारण नाव खरे होते. हा खेळ सर्वस्वी आभास असता, तर त्यात लबाडीच संभवली नसती. जेथे असत्यास जागा आहे, तेथे सत्य आधीपासूनच नांदत असले पाहिजे.

जालना जिल्ह्यात हा विचार केवळ पुस्तकी नाही. ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो, आणि त्यावर मोटारीस ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. १ जुलै २०२३ रोजी लगतच्या सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी मरण पावले, हे येथे कोणी विसरलेले नाही. पडद्यावर वेग शिकलेला तरुण या रस्त्यावर काय घेऊन उतरेल, अशी धास्ती पालकांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याने तेथून केवळ वेग आणला, तर धास्ती खरी ठरेल. पण ज्याने फेरीमागून फेरी इमानाने खेळली आहे, त्याच्या पावलास वळणापूर्वी किती आधी ब्रेक दाबावा हे कळते, आणि दुसऱ्याची चूकही आपल्या हिशेबी धरण्याची सवय त्यास जडलेली असते. चित्रातील घोड्यावर बसून कोणी गावास पोहोचत नाही. मात्र लगाम कसा धरावा, हे त्याच्यावरही शिकता येते.