स्वर भूपाचे, बोटं रॉकची

गेल्या दिवाळीत नाशिकमधल्या एका दिवाळी पहाटेत मी गिटारवर साथीला होतो. भूप रागातला अभंग होता आणि मध्ये माझा सोलो. कार्यक्रम संपल्यावर एक काका जवळ येऊन म्हणाले, "छान वाजवलंस, पण मधेच भूप कुठे गेला रे?" मला लागलंच ते. घरी येऊन रेकॉर्डिंग तपासलं, तर एकही स्वर बाहेरचा नव्हता. सा, रे, ग, प, ध, बस. तरी ऐकताना काकांचं पटायला लागलं. माझ्या पीएच.डी.चा मूळ प्रश्नही हाच आहे: स्केल तेच असताना संगीत वेगळं कशामुळे होतं? म्हणून आज माझ्याच सोलोची चिरफाड.

आधी स्केल बघू. भूपाचे पाच स्वर म्हणजे गिटारवाल्यांचं मेजर पेंटॅटोनिक. सीला सा मानलं तर सी, डी, ई, जी, ए. पण गिटारच्या क्लासमध्ये बहुतेकांच्या हातात आधी बसतो तो ए मायनर पेंटॅटोनिकचा बॉक्स, पाचव्या फ्रेटवरचा. त्याचे स्वर ए, सी, डी, ई, जी. म्हणजे तेच पाच, फक्त घर बदललं! ब्लूज आणि रॉक वाजवून बोटांना सवय लागते ती फिरून फिरून एवर येण्याची. आणि ए म्हणजे आपल्या या भूपातला धैवत.

इथे मेख आहे. भूपात वादी गंधार आणि संवादी धैवत. देसकारात स्वर तेच, पण वादी धैवत आणि संवादी गंधार. भूप पूर्वांगात रमतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देसकार उत्तरांगातला, सकाळचा. मी जवळजवळ प्रत्येक ओळ धैवतावर टेकवली होती. त्यात रॉक सोलोची ठरलेली चढण: खालून सुरुवात करायची, हळूहळू वर सरकायचं आणि शेवटी बाराव्या फ्रेटच्या पुढे जाऊन टाळ्या घ्यायच्या. म्हणजे मुक्काम उत्तरांगातच. मी देसकार वाजवला असं म्हणणार नाही, त्याचं चलन वेगळं. पण भूप सुटला हे नक्की. पहाटेची वेळ तेवढी देसकाराला जुळली म्हणायची!

दुसरी गोष्ट बेंडची. भूपात म आणि नी नाहीत, त्यामुळे ग ते प आणि ध ते वरचा सा ही दोन्ही अंतरं तीन-तीन फ्रेटची. वरून खाली येणाऱ्या 'सांध' आणि 'पग' या मींडेत तर भूपाची ओळख आहे. पण फ्रेटवर दाबलेली तार ओढली की स्वर चढतोच. उतरती मींड हवी तर तार आधी आवाज न करता ओढून ठेवायची, मग छेडून सोडायची. तेही तीन फ्रेटएवढी, सुरात! मग हात सोपी वाट धरतो: रे ओढून ग. रॉकमधला हा घासून गुळगुळीत झालेला बेंड मी वारंवार वाजवलाय, आणि 'पग' एकदाही नाही.

मग दोष गिटारचा का? अजिबात नाही. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे, आणि त्यात भूपही आहे. काब्रा गिटार आडवी ठेवून तारांवरून सळई फिरवायचे. फ्रेटचा अडसरच नाही, मींड चढती आणि उतरती दोन्ही मोकळी. शिवाय ते अली अकबर खाँसाहेबांकडे शिकलेले, म्हणजे हाताला सवयच रागाची.

फ्यूजनवर टीका होते ती बहुधा 'परका स्वर लागला' म्हणून. मला वाटतं, कान चुकीच्या जागी लावला जातो. एखादा कोमल गंधार निसटला तर तो लगेच कळतो, दुरुस्तही होतो. पण स्केल अचूक आणि मुक्काम चुकीचा, ही चूक 'सगळं बरोबर आहे' या समाधानाखाली लपते. स्केल फक्त सांगतं कुठे पाय ठेवता येईल. कुठे थांबायचं आणि कोणत्या वाटेनं परतायचं, हे शैली ठरवते. आपण ठरवलं नाही तर बोटं त्यांच्या जुन्या शैलीचंच ऐकतात.

गिटार असेल तर करून बघा. तानपुऱ्याचं ॲप सीवर लावा. दोन मिनिटं मधल्या पंचमाच्या वर जायचं नाही, प्रत्येक ओळ गंधारावर संपवायची. मी आठवडाभर हेच करतोय. अजून हात एकडे पळतोच.