पुस्तक संपलं, पण वाडीचं काय झालं?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी 'बनगरवाडी' पहिल्यांदा वाचली. लायब्ररीची जुनी प्रत होती, एका रात्रीत संपली. शेवटचं पान झाल्यावर मी आधी मागची पानं गळाली आहेत का ते तपासलं. गळाली नव्हती. दुष्काळ पडतो, धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, शाळा ओस पडते, मास्तरही निघतो. बस, संपलं. मला चक्क राग आला. "माणसं परत आली की नाही, एवढं तरी सांगायचं ना!" असं मी रूममेटला म्हणालो. तो झोपला होता.

हा राग तुमच्याही ओळखीचा असेल. (पुढे तीन कादंबऱ्यांचे शेवट फोडले आहेत, हे आधीच सांगतो.) 'शेवट आवडला नाही' असं म्हणताना आपण दोन वेगळ्या तक्रारी एकत्र करतो. एक तक्रार असते की शेवट वाईट झाला. दुसरी असते की शेवट झालाच नाही.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही पहिल्या प्रकारची. युरोपातून परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा बोटीवर भेटतात, प्रेमात पडतात. तो मुंबईला उतरतो, तिला उतरता येत नाही. शेवटी ती जीव देते. वाचून पोटात खड्डा पडतो, पण हॅर्टाचं काय झालं हे आपल्याला कळलेलं असतं. रडून मोकळं होता येतं. कादंबरी आली 1939 मध्ये. बोटीवरच्या त्या सगळ्या माणसांच्या समाजावर पुढच्या सहा वर्षांत काय ओढवणार आहे, हे लिहिताना बेडेकरांना माहीत असणं शक्य नव्हतं. आपल्याला ते माहीत असतं. त्यामुळे पुस्तक जिथे थांबतं त्याच्या पुढचंही आपण वाचत राहतो.

'कोसला'ची गोष्ट वेगळी. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, ते शेवटी नाही, मध्येच. दुसऱ्या एखाद्या लेखकाने तिथेच पडदा पाडला असता. नेमाडे पाडत नाहीत. पांडुरंग जगतो, पुण्यातलं शिक्षण फसतं, तो गावी येतो, आणि कादंबरी कशाचाही निकाल न लावता थांबते. 1963 मध्ये ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, पांडुरंगही पंचविशीतलाच. त्या वयात स्वतःच्या आयुष्याचा सारांश कोण सांगू शकतो? सांगितला असता तर ती थाप ठरली असती.

म्हणजे उघडा शेवट चांगलाच असतो, असं नाही. पुढचं सुचलं नाही म्हणून सोडून दिलेल्या आणि वर 'वाचकांनी ठरवावं' असं म्हणणाऱ्या गोष्टीही आपण वाचतो. फरक ओळखायला माझी एक साधी कसोटी आहे: सांगणाऱ्याला पुढचं कळणं शक्य होतं का? ठाऊक असून तो लपवत असेल, तर ती वाचकाची फसवणूक. त्यालाच ठाऊक नसेल, तर तो प्रामाणिकपणा.

'बनगरवाडी' या कसोटीवर पुन्हा वाचली तेव्हा माझा राग गेला. सगळी गोष्ट तरुण मास्तर सांगतो. तो बाहेरून आलेला आहे. वाडीत रुळतो, लोकांना जमवून तालीम बांधतो, तिच्या उद्घाटनाला औंधचे राजे येतात. वाटतं, आता हा इथलाच झाला. पण पाऊस दगा देतो तेव्हा कळतं की वाडी माणसांची आणि मेंढरांची होती, तालमीच्या भिंतींची नव्हती. पांगलेली माणसं कुठे गेली, हे मास्तरला कोण कळवणार? माडगूळकर त्याच्या नजरेपलीकडचं एक अक्षरही सांगत नाहीत.

आमच्या कामात प्रत्येक तिकीट क्लोज करावं लागतं. उघडं राहिलेलं तिकीट म्हणजे कुणाची तरी चूक. ही सवय घेऊनच मी कादंबऱ्या वाचत होतो.

माझी आजी माण तालुक्यातली. 1972च्या दुष्काळात ती आजोबांबरोबर खडी फोडायला गेली. सुकडी कशी लागायची, हातांना फोड कसे यायचे, हे ती रंगवून सांगायची. पण गाव सोडल्याच्या दिवसाशी आली की गोष्ट थांबायची. "मग काय, निघालो." मी एकदा विचारलं, "आणि गुरं? गुरांचं काय केलं?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चहा टाकतोस का जरा?"

आजी गेली त्याला आता चार वर्षं झाली. गुरांचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही. तेव्हा वाटलं होतं की ती गोष्ट अर्धवट सांगतेय. ती पूर्णच सांगत होती. तिच्याकडे होता तो शेवट तेवढाच होता, किंवा तेवढाच सांगण्यासारखा होता.

कुठलं पुस्तक तुम्हाला असंच अर्धवट वाटलं असेल, तर एक तारा देऊन ते बाजूला टाकू नका. थोडी वर्षं जाऊ द्या. मग पुन्हा उघडा.