सोयाबीनबरोबर काय आले, काय राहून गेले

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत, मग ती चिखली-मेहकरकडची असो की खामगाव-शेगावकडची, मुलांना विचारून पाहा : तुमच्या शेतात यंदा काय पेरले? बहुतेक हात सोयाबीनसाठी वर होतील. मग विचारा, तुमच्या आजोबांच्या लहानपणी हे पीक होते का? इथे वर्ग गप्प होतो. ज्वारी, कपाशी, मूग, उडीद यांच्या आठवणी घराघरात आहेत. सोयाबीन कुठून आले हे मात्र घरात कुणी सांगितलेले नसते. पुस्तकात असलेच तर एखादे वाक्य असते, की हे पीक अमेरिकेतून आले. हे वाक्य अर्धेच खरे आहे. त्यामागे विद्यापीठांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची हकिकत आहे. तिची नेहमी स्तुतीच होते, आणि ती स्तुती आम्हाला पुरती पटत नाही.

आपली कृषी विद्यापीठे अमेरिकेतील 'लँड ग्रँट' विद्यापीठांच्या नमुन्यावर उभी राहिली. तिथे १८६२ च्या कायद्याने राज्यांना महाविद्यालयांसाठी जमिनी मिळाल्या, १८८७ च्या कायद्याने प्रयोगकेंद्रे आली आणि १९१४ च्या कायद्याने विस्तारकार्य. शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत पोचणे या तीन गोष्टी एका छपराखाली यायला तिथेही बावन्न वर्षे लागली. आपण तिन्ही एकदम उचलल्या. १९६० साली पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले आणि पुढे एकेका राज्याशी एकेक अमेरिकन विद्यापीठ जोडले गेले. पंजाबशी ओहायो, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशाशी इलिनॉय, महाराष्ट्राशी पेनसिल्व्हेनिया. राहुरीचे विद्यापीठ १९६८ चे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे सुरू झाले आणि बुलढाणा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. गंमत अशी की आपल्याकडचे सोयाबीन महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या जोडीतून आले नाही. ते इलिनॉय-पंतनगर-जबलपूर या वाटेने, सातपुडा ओलांडून आले.

या सहकार्यातले खरोखर मोलाचे काम कोणते, असे विचारल्यास आम्ही बियाण्याकडे नव्हे, जिवाणूंकडे बोट दाखवू. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, हे शिक्षकांना ठाऊक आहेच. पण हे जिवाणू निवडक असतात. मूग-उडदाच्या मुळांशी ज्यांचे सख्य आहे, ते आपल्या मातीतले जिवाणू सोयाबीनशी फारसे जमवून घेत नाहीत. 'ब्रॅग'सारखे अमेरिकन वाण इथे पेरले की झाडे वाढत, पण मुळांवर गाठी नीट धरत नसत. सोयाबीनचा स्वतःचा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम, बियाण्याला चोळून पेरावा लागे. म्हणजे नुसते पोते जहाजात टाकून भागणार नव्हते. जिवाणू ओळखणारा, वाढवणारा आणि ते पाकीट कसे वापरायचे हे शिकवणारा माणूस इथे तयार व्हायला हवा होता. तो झाला. १९६७ साली सोयाबीनवरचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि वाणांच्या चाचण्या आपल्या लोकांनी आपल्या मातीत केल्या. सहकार्य म्हणतात ते हेच.

आता 'अमेरिकेतून आले' या शब्दांविषयी. सोयाबीन हे मूळ चीनचे. १९२९ ते १९३१ या काळात डॉर्सेट आणि मोर्स या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी चीन, जपान, कोरिया पालथे घालून सुमारे साडेचार हजार नमुने गोळा केले. अमेरिकेतल्या पैदासकारांची पुंजी अशी आशियातून जमली होती. मध्य भारतातही 'कालीतूर' नावाचे काळ्या दाण्याचे सोयाबीन आधीपासून होते. देणारा एक आणि घेणारा दुसरा अशी या गोष्टीची मांडणी करणे म्हणूनच चूक आहे.

दुसरी चूक फळाच्या मोजमापाची. सोयाबीनमध्ये सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात, आणि गरिबाच्या ताटात ती यावीत हा या प्रयत्नाचा एक गाजावाजा केलेला हेतू होता. आज बुलढाण्यात सोयाबीन पिकवणारे घर सोयाबीन खात नाही. दाणा तेल गिरणीत जातो, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशात. ज्या मूग-उडदाची आणि ज्वारीची जागा त्याने घेतली ती मात्र ताटातली होती. ज्वारीबरोबर कडबाही गेला, आणि सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही. शेतकऱ्याने हे पीक धरले ते रोख पैशासाठी आणि लवकर निघते म्हणून. त्यात त्याचे काही चुकले नाही. पण हेतू एक आणि फळ दुसरे निघाले, हे सहकार्याचा हिशेब मांडताना सांगायला नको का?

१९९४ साली जबलपूरचे 'जेएस ३३५' हे वाण प्रसारित झाले आणि बरीच वर्षे शेताशेतात तेच एक दिसे. त्यानंतर परभणी, राहुरी, अमरावती येथील केंद्रांनी नवी वाणे दिली. प्रश्न उरला तो बियाण्याच्या उगवणीचा. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ, अंकुर अगदी त्याखाली आणि दाण्यात तेल भरपूर. इलिनॉयमध्ये हा दाणा बर्फाळ हिवाळ्यात कोठारात पडून राहतो. आपल्याकडे तो ऑक्टोबरपासून जूनपर्यंत राहतो आणि मध्ये विदर्भाचा उन्हाळा असतो. त्यात काढणीच्या वेळी पावसात भिजलेली सुडी आणि भरधाव फिरवलेले मळणीयंत्र. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला, तो आम्हाला अनपेक्षित नव्हता.

न्यायाने बोलायचे तर इलिनॉयने १९७३ मध्ये उष्ण प्रदेशांसाठी आंतरराष्ट्रीय सोयाबीन कार्यक्रम काढला आणि त्यात बियाण्याच्या टिकाऊपणावरही काम झाले. ज्ञान होते. बियाण्यासाठी मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच ठेवावेत, पोत्यांची उंच थप्पी लावू नये, हे आपल्या पत्रकांतही छापलेले असते. पण मळणीयंत्र भाड्याचे असते, पुढच्या शेताचा माणूस बांधावर उभा असतो, आणि फेरे कमी कर म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार? तीन पायांपैकी विस्ताराचा पाय आपल्याकडे पहिल्यापासून अधू राहिला.

आज कृषी व जीवशास्त्रीय उच्च शिक्षणाच्या संघटनांचा एक जागतिक महासंघ आहे; त्याचा पुरस्कार २०१८ साली मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांना मिळाला. लुधियानात शिकून ओहायोत डॉक्टरेट घेतलेले लाल हे जुन्या करारांच्या काळाचेच फळ. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून आपले विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत जाऊन आले. चांगलेच आहे. पण असे करार मोजले जातात ते सह्या, भेटी आणि शोधनिबंध यांवर. मेहकरच्या शेतकऱ्याचा प्रश्न घेऊन कुणी तिकडे गेला का, हा रकाना अशा तक्त्यांत आम्ही अजून पाहिलेला नाही.

तो प्रश्न शाळेत मात्र मांडता येतो. मे महिन्यात मुलांनी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे आणावेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत, आठवड्याने उगवलेले मोजावेत. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण सत्तर टक्के ठरलेली आहे. पन्नास दाणेच उगवले, तर पेरणीपूर्वी बियाणे बदलायला किंवा प्रमाण वाढवायला अजून तीन-चार आठवडे हाताशी असतात. शंभर घरांचे असे आकडे, वाण आणि साठवणीच्या जागेसह लिहून अकोल्याला पाठवले, तर तिथल्या बीजशास्त्रज्ञाला ते नक्की हवे असतील.