अंगण आणि पाटी

विजयादशमीस बालकाचे बोट धरून तांदळावर अक्षर उमटवावयाचे, हा आपला जुना संस्कार. शास्त्रकारांनी त्यासाठी पाचवे वर्ष सांगितले. त्याआधीची वर्षे लालनाची, असे सुभाषितकारही म्हणतो. (पुढील दहा वर्षांचे त्याचे ताडन मात्र आम्हांस मान्य नाही.) असे असता तीन वर्षांच्या मुलाकडून मुळाक्षरे गिरवून घेण्याची आजची घाई कोणत्या शास्त्रास धरून आहे?

या घाईला मराठीत कृतीने उत्तर दिले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरात काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. माँटेसरीबाईंची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' या नावामागील मर्म हेच.

१९७५ पासून सरकारी योजनेने हे नाव देशभर नेले. तिचे आहाराचे व आरोग्याचे कार्य मोलाचे आहे. परंतु नावाबरोबर अंगणही पोहोचले काय, हा आमचा प्रश्न आहे.

जोयडा तालुक्याचेच पाहा. रानातील विखुरलेल्या वाड्यांतून राहणाऱ्या कुणब्यांची घरची बोली कोंकणी. शाळेची भाषा मुख्यतः कन्नड. घरी 'उदक' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत 'नीरु' मागावे लागते. शब्द न सापडल्याने ते गप्प बसते, आणि त्या मौनास आपण मंदबुद्धी म्हणतो! हा अन्याय बालकाच्या जन्मभर पुरतो.

तथापि कोसबाडचे आंधळे अनुकरणही नको. शिंपल्यांची पेटी जोयड्याच्या रानात पाठविणे म्हणजे माँटेसरीची पेटी पुन्हा विकत आणणे होय. येथे कंदांची समृद्धी आहे. लहानमोठे कंद मांडून मोजणे, वासाने पाने ओळखणे, आजीची कहाणी कोंकणीतच ऐकणे, हा येथील पहिला पाठ. कन्नड त्याच्या मागून, खेळत, गाण्यांतून यावी. तिच्याशी आमचे वैर नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानून खेळास व घरच्या भाषेस स्थान दिले आहे. ते कागदावर न राहावे, तर आपल्या देवस्थानांनी सकाळचे दोन तास सभामंडप बालकांसाठी मोकळा ठेवावा. तेथे पाटी नसली तरी चालेल. घरची बोली बोलणारी एक मायाळू बाई मात्र हवी.