वैशाखातली लाली

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची लातूर-नांदेडची मे महिन्यातली प्रतिमा चित्र म्हणून पाहावी. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश इथे लाल रंगात मांडलेला असतो. हिरवं पान हा प्रकाश जोरात परतवतं, म्हणून जिवंत पालवी लाल. पाणी तो गिळतं, म्हणून धरणं काळी.

पहिल्या नजरेत हे चित्र चक्क फसवतं. नांदेडकडचे किनवट-माहूरचे डोंगर राखाडी, ओकेबोके. आणि मांजरा नदीकाठी लालभडक ठिपके. जंगल लातुरात आहे की काय! खरं तर लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतंच. ती लाली उसाची. किनवटचा साग मात्र उन्हाळ्यात पानं टाकून उभा असतो. जंगल असूनही रंगात नाही. नोव्हेंबरची प्रतिमा काढा, तेच डोंगर गडद लाल होऊन समोर येतात.

मला या चित्राची खरी गंमत रंगात नाही, कडांमध्ये वाटते. दहा मीटरचा एकेक ठिपका असल्याने बांधाची सरळ रेघ दिसते. उसाची लाली चौकोनी. सागाची लाली उतार आणि ओढे धरून वाहणारी, कुठेच काटकोन नसलेली. डोंगराच्या लालीत सरळ कड घुसली, की तिथे माणसाचा हात लागला असं खुशाल समजावं. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचा संग्रह १९७२ पासूनचा. त्याचे ठिपके जाड, पण अशी कड किती जुनी याचा माग त्यात काढता येतो.

धनेगावचा मांजरा जलाशय हा वेगळाच अध्याय. पाणी ओसरतं तशी काळ्या आकाराभोवती लाल किनार उमटते: उघड्या पडलेल्या गाळातली, गाळपेराची पिकं. म्हणजे तुटवड्याचीच ही शोभा. हा जलाशय आटला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. अवकाशातून कोरडा तळ दिसतो. घागरींच्या रांगा दिसत नाहीत. त्याच वेळी नदीकाठी कुठे चौकोनी लाली टिकली, हे मात्र दिसतं, आणि ते पाहताना सौंदर्याचा आस्वाद जरा अडखळतो.

एक तक्रार राहतेच. लातूरचा बाजार ज्या सोयाबीनवर चालतो, ते पावसाळ्यात ढगांखाली वाढतं आणि आभाळ निवळेपर्यंत बरंचसं काढणीला येतं. रडारवाले उपग्रह ढगांआडूनही पाहतात खरे. पण त्यांचं करडं, दाणेदार चित्र वाचायला वेगळी नजर लागते, आणि माझी अजून तिथे रमलेली नाही.